बँकेचा एनपीए दोन टक्के म्हणतात, तो आकडा येतो कुठून?

गोदाकाठ

पीएमसी बँकेचा, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचा 2018-19 चा अहवाल कुणी जपून ठेवला असेल तर काढून बघा. ग्रॉस एनपीए, म्हणजे एकूण कर्जात थकलेल्या कर्जाचा वाटा, 3.76 टक्के, आणि त्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे वजा करून उरतो तो नेट एनपीए 2.19 टक्के. सहकारी बँकेच्या मानाने चांगलेच आकडे, कुणीही डोळे झाकून ठेव ठेवली असती. हे आकडे मार्च 2019 चे. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध लावले, सहा महिन्यांत खात्यातून फक्त हजार रुपये काढता येतील म्हणाले, आणि मग बाहेर आलं की साधारण 8,800 कोटींच्या एकूण कर्जातले 6,500 कोटींच्या वर एकाच बिल्डर ग्रुपकडे, एचडीआयएलकडे होते. 73 टक्के! आणि ते थकलेले होते.

मी सरकारी बँकेत कर्ज आणि वसुली या दोन विभागांत बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. ओळखीतले लोक एफडी ठेवायच्या आधी फोन करतात, काका अमुक बँकेचा एनपीए दीड टक्का आहे म्हणजे सेफ ना. त्या सगळ्यांसाठी हे सविस्तर लिहितोय. तो आकडा बँक स्वतः काढते. मग ऑडिटर तपासतो, मग कधीतरी रिझर्व्ह बँक तपासते. या तिन्हींच्या मधे एवढी मोकळी जागा आहे की त्यात हजारो कोटी राहू शकतात.

आधी नियम काय ते. हप्ता किंवा व्याज 90 दिवसांच्या वर थकलं की खातं एनपीए. ही 90 दिवसांची अट आपल्याकडे मार्च 2004 पासून आहे, त्याआधी 180 दिवस होते, आणि नरसिंहम समितीनंतर 1992-93 ला हे सगळं सुरू झालं तेव्हा तर चार तिमाह्या थकेपर्यंत चालायचं. आता नीट बघा, नियम दिवस मोजतो. कर्जदाराचा कारखाना चालतोय का, गोडाऊनमध्ये माल आहे का हे त्या मोजणीत येत नाही. 89व्या दिवशी खात्यात पैसे जमा झाले की खातं परत स्टँडर्ड, म्हणजे नियमित, आणि पैसे कुणाकडून आले हे सिस्टीम विचारत नाही.

बँकेला हे झाकावंसं का वाटतं त्याचा साधा हिशोब सांगतो. एक कोटीचं कर्ज, 12 टक्के व्याज. खातं स्टँडर्ड असेल तर वर्षाचं 12 लाख व्याज उत्पन्नात धरता येतं, पैसे हातात आले नसले तरी, आणि तरतूद, म्हणजे बुडण्याच्या धोक्यासाठी नफ्यातून बाजूला ठेवायची रक्कम, फक्त 0.40 टक्के म्हणजे 40 हजार. तेच खातं एनपीए झालं तर न आलेलं व्याज उत्पन्नात धरता येत नाही, आधी धरलं असेल तर उलटवावं लागतं, वर व्यापारी बँकेला तारणी कर्जावर पहिल्याच टप्प्यात 15 टक्के म्हणजे 15 लाखांची तरतूद. एका कोटीमागे नफ्यात साडेसव्वीस लाखांचा फरक! असं 500 कोटींचं एक खातं असेल तर सव्वाशे कोटींच्या वर, म्हणजे एखाद्या मध्यम बँकेचा वर्षाचा नफाच. चेअरमनची मुदतवाढ, एमडीचा बोनस, शेअरचा भाव, सहकारी बँकेत संचालकांची पुढची निवडणूक आणि सभासदांचा लाभांश, सगळं त्या 89 आणि 91 मधल्या फरकावर उभं असतं.

मग पद्धती. सगळ्यात जुनी म्हणजे त्याच कर्जदाराला किंवा त्याच्या भावाच्या, मेव्हण्याच्या, सिस्टर कन्सर्नच्या नावावर नवीन कर्ज द्यायचं आणि त्या पैशातून जुनं नियमित करायचं. छोट्या रकमेसाठी टीओडी असतं, टेंपररी ओव्हरड्राफ्ट, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात द्यायचं आणि एप्रिलमध्ये परत तेच चक्र. कर्ज वाढत जातं, कागद स्वच्छ राहतो. कॅश क्रेडिट खात्यात तर आणखी सोपं. तिथे हप्ता नसतो, धंद्यासाठी एक लिमिट मंजूर असतं आणि हातातल्या मालावरून किती उचल करता येईल ते ठरतं, ती ड्रॉइंग पॉवर. या लिमिट किंवा ड्रॉइंग पॉवरच्या वर उचललेली रक्कम सलग 90 दिवस राहिली, किंवा 90 दिवसांत खात्यात काही जमाच झालं नाही, किंवा जमा झालं ते व्याजालाही पुरलं नाही, तर ते आउट ऑफ ऑर्डर, म्हणजे एनपीए. म्हणून स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल फुगवून दाखवायचा, ड्रॉइंग पॉवर वाढली, खातं नियमित. अॅड-हॉक लिमिट, म्हणजे तात्पुरतं वाढवून दिलेलं लिमिट, हा आणखी एक प्रकार, तोही असाच वापरला जातो.

मोठ्या खात्यांसाठी आणखी वरच्या दर्जाची व्यवस्था होती, आणि ती रिझर्व्ह बँकेच्याच परवानगीने. 2008 च्या मंदीनंतर सवलत दिली गेली की कर्जाची पुनर्रचना केली, हप्ते पुढे ढकलले, व्याज कमी केलं, तरी खातं स्टँडर्डच धरायचं. तात्पुरती म्हणून आलेली ही सवलत 1 एप्रिल 2015 ला संपली. तोवर वीज, रस्ते, पोलाद या क्षेत्रांतली प्रचंड कर्जं सीडीआर, म्हणजे कॉर्पोरेट कर्ज पुनर्रचना नावाच्या छत्रीखाली 'पुनर्रचित स्टँडर्ड' म्हणून बसलेली होती. ती जाते तोवर दुसऱ्या योजना तयार! 2014 ला 5/25, म्हणजे परतफेड 25 वर्षांपर्यंत ताणायची. 2015 ला एसडीआर, कर्जाचं शेअरमध्ये रूपांतर करून 51 टक्के मालकी घ्यायची, आणि मालक बदलेपर्यंत 18 महिने एनपीए दाखवायचं नाही. 2016 ला एसफोरए, कर्जाचे दोन तुकडे, एक फेडता येण्यासारखा आणि एक नाही. प्रत्येकामागे हेतू चांगला सांगितला होता आणि काही प्रकल्प खरंच वाचवण्यासारखे होतेही, पण शाखेत, झोनल ऑफिसमध्ये बसून आम्ही बघत होतो की जी कंपनी कधीच उभी राहणार नाही तिची फाइलही त्याच योजनेत जातेय. ते बघून फार त्रास व्हायचा, कारण शेजारच्याच टेबलावर दोन लाखांच्या टेम्पोच्या कर्जासाठी जामीनदाराला नोटीस निघत असायची.

2015 च्या उत्तरार्धात रघुराम राजन गव्हर्नर असताना अॅसेट क्वालिटी रिव्ह्यू, म्हणजे बँकांच्या कर्जांच्या दर्जाची खास तपासणी झाली. रिझर्व्ह बँकेने बँकांच्या मोठ्या खात्यांची यादीच हातात दिली आणि सांगितलं ही एनपीए करा. मार्च 2015 ला सगळ्या शेड्युल्ड व्यापारी बँकांचा ग्रॉस एनपीए 4.3 टक्के होता, मार्च 2016 ला 7.5 आणि मार्च 2018 ला 11 च्या वर. बँक ऑफ बडोदाला डिसेंबर 2015 च्या एका तिमाहीत 3,342 कोटींचा तोटा झाला. ही कर्जं त्या तिमाहीत बुडाली नव्हती हो, ती आधीच बुडालेली होती, फक्त त्या दिवशी लिहिली गेली.

लांबलं बरंच. एआरसी आणि राइट-ऑफचं प्रतिसादांत लिहितो.

---

मृण्मयी_ठाणे

काका, खूप छान समजावलंत, धन्यवाद. पहिल्यांदाच कळलं की व्याज हातात न येता उत्पन्नात धरतात. राइट-ऑफबद्दल नक्की लिहा. व्हॉट्सअॅपवर कायम फिरतं की उद्योगपतींची 16 लाख कोटींची कर्जं माफ केली, आणि लगेच दुसरा कुणीतरी लिहितो की राइट-ऑफ म्हणजे माफी नाही, वसुली चालूच असते. खरं काय धरायचं?

---

गोदाकाठ

मृण्मयीताई, आकडा खरा आहे. अर्थमंत्र्यांनी मार्च 2025 मध्ये लोकसभेत सांगितलं की आधीच्या दहा आर्थिक वर्षांत बँकांनी साधारण 16.35 लाख कोटी रुपये राइट-ऑफ केले. कायद्याने ती माफी नाही हेही खरं, मराठीत निर्लेखन म्हणतात, कर्जदाराचं देणं तसंच राहतं, डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात केस चालू राहते, जामीनदार सुटत नाही. खात्यावर पूर्ण तरतूद झाली की मुख्य कार्यालय ते ताळेबंदातून काढतं, शाखेच्या वहीत ते राहतं. याला टेक्निकल राइट-ऑफ म्हणतात.

पण एनपीएच्या टक्केवारीचं काय होतं ते बघा. 100 कोटी कर्ज, त्यात 10 कोटी एनपीए, म्हणजे 10 टक्के. चार कोटी निर्लेखित केले तर उरले 96 मध्ये सहा, म्हणजे 6.25 टक्के. एक रुपया वसूल न होता. आणि त्याच वर्षी नवीन कर्ज जोरात वाटलं तर छेद वाढतो आणि टक्का आणखी खाली येतो, कारण नवीन कर्ज पहिल्या वर्षात सहसा थकत नाही. मार्च 2018 ला 11 च्या वर असलेला आकडा मार्च 2024 ला तीन टक्क्यांच्या खाली आला. त्यात दिवाळखोरी कायद्यामुळे झालेली खरी वसुली आहे, नवीन कर्जं जास्त काळजीने दिली हेही आहे, आणि हे निर्लेखनही आहे. तिन्ही वेगवेगळे बघावे लागतात.

आता एआरसी. थकलेलं कर्ज बँक मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकते. ऐकायला वाटतं विकलं, पैसे आले, संपलं. 2014 आधी एआरसी पाच टक्के रोख द्यायची आणि बाकी 95 टक्क्यांच्या सिक्युरिटी रिसीट, म्हणजे वसुली झाली तर पैसे देऊ असा कागद. ऑगस्ट 2014 पासून रोख 15 टक्के केली. म्हणजे 85 टक्के धोका बँकेकडेच, फक्त तो कर्जाच्या रकान्यातून उठून गुंतवणुकीच्या रकान्यात गेला आणि एनपीएच्या टक्क्यात मोजायचा बंद झाला. पुढे रिझर्व्ह बँकेने नियम कडक केले, एप्रिल 2017 पासून विकणाऱ्या बँकेकडेच निम्म्याहून जास्त रिसीट असतील तर जणू कर्ज अजून बँकेच्याच वहीत आहे असं धरून तरतूद करायची. मग तो रस्ता बराचसा बंद झाला.

---

आर्टिकल_ते_सीए

उत्तम धागा. मी ब्रँच ऑडिट करतो त्यामुळे एप्रिलचे पहिले दहा दिवस हेच बघण्यात जातात. थोडी भर घालतो.

शाखेत गेलं की आम्ही पहिली यादी मागतो ती मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत मोठी जमा झालेल्या थकीत खात्यांची, आणि दुसरी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच खात्यांतून किंवा त्याच पत्त्यावरच्या खात्यांतून परत गेलेल्या रकमांची. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की बरंच दिसतं. स्टॉक स्टेटमेंट तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल तर त्यावर काढलेली ड्रॉइंग पॉवर अनियमित धरायची असते, आणि लिमिटचं रिन्युअल 180 दिवसांत झालं नाही तर खातं एनपीए, तरी अशी खाती स्टँडर्ड दाखवलेली सापडतात. मग आम्ही एमओसी देतो, मेमोरँडम ऑफ चेंज, आणि मॅनेजर अक्षरशः हात जोडतो, साहेब पुढच्या आठवड्यात पैसे येणारच आहेत, माझी बदली होईल. त्याचंही वाईट वाटतं कारण ते कर्ज त्याने दिलेलंच नसतं, आधीच्याने दिलेलं असतं.

आधी तर सिस्टीमने एनपीए मार्क केलेलं खातं हाताने परत स्टँडर्ड करता यायचं. सप्टेंबर 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की जून 2021 पर्यंत हे सगळं ऑटोमॅटिक करा, माणसाचा हात लागता कामा नये. नोव्हेंबर 2021 च्या सर्क्युलरने आणखी दोन गोष्टी स्पष्ट केल्या, वर्गीकरण रोज दिवसअखेरीला व्हायला हवं, आणि एकदा एनपीए झालेलं खातं सगळी थकबाकी, व्याज आणि मुद्दल दोन्ही, पूर्ण भरल्याशिवाय स्टँडर्ड करायचं नाही. याचा चांगला फरक पडलाय हे मी स्वतः बघितलंय.

छोट्या सहकारी बँकेचा ताळेबंद वाचताना एक जागा नक्की बघा, देणे बाजूला ओव्हरड्यू इंटरेस्ट रिझर्व्ह असा रकाना असतो. एनपीए खात्यांवरचं न आलेलं व्याज तिथे ठेवतात आणि तेवढंच येणे बाजूला दाखवतात. एनपीए कमी झाला म्हणतात आणि हा आकडा मात्र वर्षागणिक वाढतोय असं असेल तर सभेत उभं राहून कारण विचारा.

---

शिवारातून

शेतीकडचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे याला नवं-जुनं करणं म्हणतात आणि ते गावात सगळ्यांना माहीत असतं, त्यात कुणाला चोरी वाटत नाही. मार्चमध्ये सोसायटीचा सचिव निरोप धाडतो, पीककर्जाचं नवं-जुनं करून घ्या. शेतकऱ्याकडे त्या वेळी पैसे कुठून असणार, तूर कापूस विकून बाकीची देणी भागवलेली असतात, मग गावातल्याच कुणाकडून चार-आठ दिवसांसाठी टक्केवारीने पैसे उचलतो, जुनं भरतो, लगेच नवीन मंजूर होतं, ते काढून त्या माणसाला परत देतो. त्या चार दिवसांचं व्याज सावकाराचं वेगळं. काही ठिकाणी पैसे हलतच नाहीत, फक्त वहीत नोंदी होतात. जिल्हा बँकेची वसुली कागदावर उत्तम दिसते, आणि मुदतीत भरलं म्हणून शेतकऱ्यालाही तीन लाखांपर्यंत पंजाबराव देशमुख योजनेची व्याज सवलत मिळते, म्हणून त्यालाही ते करावंच लागतं. नाही केलं तर थकबाकीदार, मग पुढच्या खरिपाला कर्ज नाही.

पण दरवर्षी मूळ आकडा थोडा फुगत जातो. दहा वर्षांनी बघितलं तर त्या माणसाने मुद्दल कधी फेडलेलंच नसतं आणि बँकेच्या लेखी तो एकदम चोख खातेदार! दुष्काळ पडला, नवं-जुनं करायला कुणी उसने दिले नाहीत, की सगळं गाव एकाच वर्षी थकीत. मग लोक म्हणतात शेतकरी अचानक बुडवायला लागले. अचानक काही नसतं.

---

बांद्रा_पूर्व

गोदाकाठजी, लेख अभ्यासपूर्ण आहे पण एक आक्षेप नोंदवतो. पीएमसी हे उदाहरण इथे बसत नाही. तो अकाउंटिंगच्या नियमांचा फायदा घेण्याचा प्रकार नव्हता, सरळ फौजदारी गुन्हा होता. एचडीआयएल ग्रुपची 44 खाती झाकायला 21,049 बनावट खाती दाखवली होती. नियम कितीही कडक करा, खोटी यादीच दिली तर काय करणार?

दुसरं, हप्ते पुढे ढकलणं म्हणजे लपवाछपवीच असं चित्र उभं राहतंय. मी छोटा कॉन्ट्रॅक्टर आहे. सरकारी खात्याकडून बिलं आठ आठ महिने येत नाहीत, काम पूर्ण झालेलं असतं, अशा वेळी बँकेने मला सांभाळून घेतलं नसतं तर माझी तीस माणसं घरी बसली असती. कोविडमध्ये मार्च ते ऑगस्ट 2020 मोरेटोरियम दिलं ते चूक होतं का? सरसकट सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका ही विनंती.

---

गोदाकाठ

बांद्रा_पूर्व, तुमचा दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. पैसे येणार आहेत पण उशिरा येणार आहेत, तिथे हप्ते बदलून देणं हे बँकेचं कामच आहे, आणि मी स्वतः अशा कितीतरी फाइली आनंदाने पुढे पाठवल्या. माझा आग्रह एवढाच की ते केलंय हे ताळेबंदात दिसू द्या आणि त्याची तरतूद करा. मोरेटोरियम जाहीर होतं, सगळ्यांना माहीत होतं, त्यात लपवणं नव्हतं.

पहिल्या मुद्द्यावर मात्र थोडं वेगळं मत आहे. पीएमसीच्या एमडींनी रिझर्व्ह बँकेला सप्टेंबर 2019 मध्ये जे पत्र लिहिलं त्याच्या बातम्या सगळीकडे आल्या होत्या, त्या परत वाचा. ग्रुपचे हप्ते कित्येक वर्षं अनियमित होते, तरी खाती स्टँडर्ड दाखवत राहिले, कारण एनपीए दाखवलं असतं तर व्याजाचं उत्पन्न गेलं असतं, तरतुदीने भांडवल संपलं असतं आणि बँकेचं नाव गेलं असतं. सुरुवात आपण इथे बोलतोय त्याच गोष्टीने झाली. बनावट खाती 2017 च्या सुमारास आली, रिझर्व्ह बँकेने कर्जखात्यांची सविस्तर यादी मागितली तेव्हा. आणि ती खाती छोट्या रकमेची, ठेवीवरची कर्जं म्हणून दाखवली, कारण तपासणीत मोठी खाती उघडतात, ठेवीवरचं कर्ज कोण उघडून बघणार. तीसेक वर्षांचे संबंध होते त्या ग्रुपशी. एकदम उठून कुणी एकवीस हजार खोटी खाती तयार करत नाही, आधी एक हप्ता सांभाळून घेतलेला असतो, मग पुढचा.

नियमाचा प्रश्नही होताच. तेव्हा नागरी सहकारी बँकेला एका ग्रुपला भांडवलाच्या 40 टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येत होतं. इथे एकूण कर्जाच्या 73 टक्के! मार्च 2020 मध्ये ती ग्रुपची मर्यादा टियर-वन, म्हणजे बँकेच्या मुख्य भांडवलाच्या 25 टक्क्यांवर आणली.

---

आकडेमोड

खासगी बँका राहिल्याच की. येस बँकेचे आकडे देतो. मार्च 2016 ला बँकेने ग्रॉस एनपीए दाखवला 749 कोटी. रिझर्व्ह बँकेने तपासून काढला 4,926 कोटी. पुढच्या वर्षी, मार्च 2017 ला बँक म्हणाली 2,018 कोटी, रिझर्व्ह बँक म्हणाली 8,374 कोटींच्या आसपास. याला डायव्हर्जन्स म्हणतात, आणि 2017 पासून हा फरक ठराविक मर्यादेच्या वर गेला तर अहवालात छापणं बंधनकारक झालं म्हणून तरी आपल्याला कळलं. दोन वर्षं ओळीने चौपट-सहापट फरक, आणि तरी लोक शेअर घेत होते, एफडी ठेवत होते.

शेवटी डिसेंबर 2019 च्या तिमाहीत 18,564 कोटींचा तोटा आणि ग्रॉस एनपीए 18.87 टक्के. 5 मार्च 2020 ला मोरेटोरियम, 50 हजारांची मर्यादा. ठेवीदार वाचले कारण स्टेट बँक आणि बाकीच्यांनी भांडवल घातलं, पण एटी-वन बाँडचे, म्हणजे बँक अडचणीत आली तर बुडू शकणाऱ्या रोख्यांचे, 8,415 कोटी राइट-ऑफ केले आणि त्यात अगदी साधे, निवृत्त लोकही होते. त्यांची केस अजून कोर्टात अडकलेली. डायव्हर्जन्सचं पान 2017 ला छापलेलं होतं हो. ते वाचायला कुणी शिकवलं असतं तर कितीतरी लोक वाचले असते, म्हणून हा धागा महत्त्वाचा वाटतो.

---

न्यूजर्सीकर

थोडं अवांतर. इकडे मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तिथेही हिशोबाच्या नियमाचाच भाग होता. बाँड मुदतीपर्यंत ठेवणार असं म्हटलं की ते खरेदीच्या किमतीच्या आसपास दाखवता येतात. व्याजदर वाढल्यावर त्यांची बाजारातली किंमत साधारण 15 अब्ज डॉलरने कमी झाली होती, आणि बँकेचं भांडवलच 16 अब्जांच्या आसपास. तळटिपेत ते लिहिलेलंही होतं. माझ्या ऑफिसच्या पगाराचं खातं तिथे होतं, तो वीकएंड फार काळजीत गेला.

---

सांगलीची_लेक

सगळं वाचलं. आमच्या घरात हे घडलंय म्हणून लिहितेय, बँकेचं नाव घेत नाही. बाबांची निवृत्तीची सगळी रक्कम गावच्या एका सहकारी बँकेत होती, संचालक ओळखीचे, दर दिवाळीला कॅलेंडर आणि पेढे घरी यायचे, अहवालात नेट एनपीए शून्य टक्के असं मोठ्या अक्षरात छापलेलं असायचं आणि बाबा तो अहवाल अभिमानाने पाहुण्यांना दाखवायचे. निर्बंध आले तेव्हा आईचं ऑपरेशन ठरलेलं होतं. अर्ज, हॉस्पिटलचं एस्टिमेट, हार्डशिप म्हणून वेगळा फॉर्म, सगळं केलं. ठेवीवरच्या इन्शुरन्सची रक्कम मिळाली, उरलेली अजून अडकलेली आहे. बाबा आता बँकेचा विषय निघाला की उठून आत जातात.

मला एवढंच विचारायचंय की नेट एनपीए शून्य असताना बँक बुडते कशी? ते खोटं छापलं होतं का?

---

आर्टिकल_ते_सीए

ताई, वाचून फार वाईट वाटलं. खोटंच असेल असं नाही, म्हणून तर तो आकडा जास्त धोकादायक. नेट एनपीए म्हणजे ग्रॉस एनपीएतून केलेली तरतूद वजा जाता उरलेला. एनपीए 20 टक्के असेल आणि तेवढी तरतूद करून ठेवली असेल तर नेट शून्य येतो. पण ती वजाबाकी ज्या ग्रॉस आकड्यातून केली त्यात किती खाती धरलीच नव्हती हा खरा प्रश्न. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत आणखी खाती एनपीए निघाली की तरतूद वाढते, ती भांडवलातून जाते, आणि नक्त मूल्य उणे होतं, म्हणजे बँकेची देणी मालमत्तेपेक्षा जास्त होतात. बहुतेक निर्बंध त्यानंतर येतात.

बाबांना सांगा, यात त्यांचं काही चुकलेलं नाही. छापील अहवालावर विश्वास ठेवणं हा गुन्हा नाही.

---

मृण्मयी_ठाणे

सांगलीची_लेक, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

काका, मग आमच्यासारख्यांनी अहवालात बघायचं तरी काय? आणि रिझर्व्ह बँक आता काही करतेय का?

---

गोदाकाठ

सांगलीची_लेक, तुमचा प्रतिसाद वाचून मन भरून आलं. काळजी घ्या सगळ्यांची.

मृण्मयीताई, आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो, रिझर्व्ह बँक काय करतेय तो. 29 मे 2023 ला तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी बँक संचालकांसमोर उघड सांगितलं होतं की तपासणीत काय काय सापडलं. दोन कर्जदात्यांनी एकमेकांची कर्जं विकून परत विकत घेणं, चांगल्या कर्जदाराला मधे घालून अडचणीतल्या कर्जदाराला पैसे पोचवणं, हप्ता भरायला बँकेचीच अंतर्गत खाती वापरणं, आणि देय तारखेच्या तोंडावर नवीन कर्ज देणं. एवढ्या स्पष्ट शब्दांत गव्हर्नरने बोलणं मला फार महत्त्वाचं वाटलं. मग डिसेंबर 2023 मध्ये एआयएफवर, म्हणजे पर्यायी गुंतवणूक फंडांवर चाप आणला. बँक किंवा एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली वित्त कंपनी, अशा एका फंडात पैसे टाकायची, तो फंड तिच्याच थकायला आलेल्या कर्जदारात गुंतवायचा, आणि तो कर्जदार त्या पैशाने कर्ज फेडायचा. तीस दिवसांत बाहेर पडा नाहीतर शंभर टक्के तरतूद करा म्हणाले, मार्च 2024 ला त्यात थोडी ढील दिली. ऑक्टोबर 2025 मध्ये एक्स्पेक्टेड क्रेडिट लॉसचा मसुदा आणला, 1 एप्रिल 2027 पासून लागू करायचा प्रस्ताव, म्हणजे 90 दिवस थकायची वाट न बघता धोका वाढला की तरतूद. माझ्या मते हे फार आधी यायला हवं होतं.

अहवालात मी स्वतः टक्केवारी सगळ्यात शेवटी बघतो. आधी एनपीएच्या हालचालीचा तक्ता, त्यात सुरुवातीची शिल्लक, नव्याने भर, वसुली, अपग्रेड आणि निर्लेखन वेगवेगळं असतं, एनपीए कमी झाला तो वसुलीने की निर्लेखनाने हे तिथेच कळतं. मग मोठ्या वीस कर्जदारांचा एकूण कर्जात वाटा. मग पुनर्रचित खाती, सिक्युरिटी रिसीट आणि डायव्हर्जन्स. सहकारी बँकेत मोठ्या कर्जदारांचा तपशील मिळाला नाही तर सभेत लेखी प्रश्न द्या, तोंडी विचारलेलं इतिवृत्तात येत नाही.

---

शिवारातून

एक विचारायचं होतं. आमच्या तालुक्यात बँकेपेक्षा पतसंस्थाच जास्त, व्याज एक-दीड टक्का जास्त देतात. पाच लाखांचा इन्शुरन्स म्हणतात तो तिथे पण लागू ना?

---

गोदाकाठ

नाही. पतसंस्थेच्या ठेवींना डीआयसीजीसीचं, म्हणजे ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही, एक रुपयाचंही नाही. ते फक्त बँकांना, त्यात सहकारी बँका आल्या. 4 फेब्रुवारी 2020 पासून मर्यादा एक लाखाची पाच लाख झाली, मुद्दल आणि व्याज धरून, आणि त्या बँकेच्या सगळ्या शाखा मिळून. 2021 च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून साधारण 90 दिवसांत हे पैसे मिळायला हवेत. पीएमसीच्या ठेवीदारांना जानेवारी 2022 मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झाल्यावर पाच लाखांच्या वरची रक्कम दहा वर्षांपर्यंतच्या टप्प्यांत देण्याचं ठरलं, म्हणजे वरच्या रकमेला काय होतं ते लक्षात घ्या. घरात ठेव जास्त असेल तर एकाच बँकेत पाचच्या आत ठेवा, नवराबायकोची वेगळी खाती आणि संयुक्त खातं वेगवेगळं धरतात.

---

शिवारातून

धन्यवाद गोदाकाठजी. आईची सगळी रक्कम पतसंस्थेत आहे. मुदत कधी संपते ते उद्याच पावत्या काढून बघतो.